बांधण्यापूर्वींचें चित्र

हल्लीं महाड-पोलादपूर भागांत मोबाइल नाहीं असें घर शोधूनच काढावें लागेल. विजेचें बिल भरणें, सातबारा पाहणें, मुंबईस नोकरीला असलेल्या मुलाशीं बोलणें, एस्. टी. चें तिकीट काढणें, हीं सर्व कामें एका तळहाताएवढ्या कांचेवर होतात. परंतु त्या कांचेवर जें बटण दिसतें तें तेथेंच कां आहे, त्यावर अमुकच शब्द कां लिहिला आहे, आणि तें दाबल्यावर पुढें काय दिसावें, याचा विचार कोणीतरी आधीं बसून केलेला असतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हा विचार कसा करतात, त्यासाठीं कोणतीं साधनें निघालीं आहेत, आणि तो नीट न झाल्यास आपल्यासारख्या डोंगरी मुलखांत कोणाचें काय नुकसान होतें, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावें असा या लेखाचा हेतु आहे. विद्यार्थ्यांबरोबर पालकांनींहि तो वाचावा. कारण विद्यार्थी पुढेंमागें असले पडदे काढणारे होतील, परंतु ते वापरावे लागतात ते पालकांस. ज्याला स्क्रीन म्हणतात त्यालाच आम्ही येथें पडदा म्हणत आहों.

घर बांधावयाचें म्हटलें म्हणजे शहाणा मनुष्य पहिल्याच दिवशीं चिऱ्यांची गाडी आणून ओतीत नाहीं. आधीं नकाशा निघतो; मग सुतळी व चुना घेऊन जमिनीवर आखणी होते. त्या पांढऱ्या रेघांत घरांतील मंडळी उभीं राहून पाहतात, आणि "चूल या कोपऱ्यांत नको, पावसाळ्यांत इकडून झड येते," असें आजीबाई सांगतात. रेघ पुसून दुसरी मारावयास दोन मिनिटें पुरतात. भिंत पाडून दुसरी उभारावयास महिना जातो आणि खर्च होतो तो वेगळाच. ॲप व वेबसाइट यांचें अगदीं असेंच आहे. प्रत्यक्ष ॲप म्हणजे हजारों ओळींचा हिशेबी मजकूर. तो लिहून झाल्यावर बटण हलवावयाचें म्हणजे भिंत हलविण्यासारखें आहे. म्हणून आधीं चुन्याची आखणी करतात. तिलाच प्रोटोटाइप असें म्हणतात. मराठींत नमुना म्हटलें तरी अर्थ बिघडत नाहीं. हा नमुना फोनवर उघडला तर खऱ्या ॲपसारखा दिसतो, बटण दाबलें तर पुढचें पान येतें. परंतु मागें कांहीं नसतें. दारें आहेत, खोल्या नाहींत, अशी ती वास्तु होय.

या युक्तीला महागडें यंत्र लागतेंच असें नाहीं. अमेरिकेंतील जेफ हॉकिन्स या गृहस्थांच्या मनांत खिशांत मावेल असा छोटा संगणक करावयाचें होतें; तो पुढें १९९६ सालीं 'पायलट' या नांवानें बाजारांत आला. तो तयार होण्यापूर्वीं हॉकिन्स यांनीं योजलेल्या मापाचा एक लांकडी ठोकळा कापून घेतला व तो खिशांत घालून ते हिंडूं लागले. भेटीची वेळ ठरवावयाची झाली कीं ते ठोकळा बाहेर काढीत आणि एका काडीनें त्यावर लिहिल्यासारखें करीत. पाहणारे हंसले असतील. परंतु हें यंत्र दिवसांतून किती वेळां काढावें लागेल, कशासाठीं काढावें लागेल आणि खिशांत टोंचेल कीं काय, हें त्यांस एक तारहि न जोडतां कळलें. लांकडाचा तो तुकडा म्हणजेच नमुना.

संगणकावर चित्र काढण्याची कल्पना याहून जुनी आहे. १९६३ सालीं आयव्हन सदरलँड यांनीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत डॉक्टरीच्या पदवीसाठीं 'स्केचपॅड' नांवाची योजना तयार केली. तींत प्रकाशाच्या लेखणीनें कांचेवर रेघ ओढतां येई. विशेष हा, कीं एक मूळ आकृति काढून तिच्या कितीहि प्रती ठेवाव्या, आणि मूळ आकृति बदलली कीं सर्व प्रती आपोआप बदलाव्या, अशी सोय तींत होती. आजच्या सर्व साधनांचा कणा हीच सोय आहे, हें पुढें दिसेल.

आजच्या साधनांपैकीं सर्वांत प्रसिद्ध 'फिग्मा' हें होय. डिलन फील्ड व इव्हान वॉलेस या दोघां तरुणांनीं २०१२ सालीं ती कंपनी काढली आणि २०१६ सालीं तें सॉफ्टवेअर सर्वांस खुलें झालें. त्याचें वैशिष्ट्य असें कीं तें संगणकांत वेगळें बसवावें लागत नाहीं. ज्या ब्राउझरमध्यें आपण वेबसाइट पाहतों त्यांतच तें चालतें, आणि एकाच चित्रावर अनेक जण एकाच वेळीं काम करूं शकतात. पुण्यांत बसलेल्यानें रेघ ओढली कीं महाडांत बसलेल्यास ती तत्क्षणीं दिसते. 'ॲडोबी' या बड्या कंपनीनें सप्टेंबर २०२२ मध्यें ही कंपनी वीस अब्ज डॉलरांस विकत घेण्याचा करार जाहीर केला होता. युरोप व ब्रिटन येथील सरकारी नियामकांची संमति मिळण्याचें लक्षण दिसेना, तेव्हां डिसेंबर २०२३ मध्यें तो सोडून देण्यांत आला. चौकोन व अक्षरें मांडण्याच्या साधनाची एवढी किंमत कोणीं कां द्यावी, असें मनांत येतें खरें. परंतु जगांतील बहुतेक नवे पडदे आधीं अशाच पानांवर आखले जातात, हें लक्षांत घेतलें म्हणजे कोडें उरत नाहीं. 'पेनपॉट' या नांवाचें दुसरें एक साधन आहे; तें फुकट मिळतें आणि त्याचा मूळ मजकूरहि सर्वांस पाहतां येतो.

आतां काम कसें चालतें तें पाहूं. कोरें पान उघडलें कीं प्रथम एक चौकट घ्यावयाची. तिला फ्रेम म्हणतात. ही चौकट म्हणजे फोनची कांच. साध्या अँड्रॉइड फोनसाठीं ३६० एककें रुंद व ८०० एककें उंच अशी चौकट पुष्कळ जण घेतात. तिच्यांत चौकोन, अक्षरें व चित्रें ठेवावयाचीं. प्रत्येक वस्तु हा एक थर असतो आणि थर पत्त्यांप्रमाणें एकावर एक बसतात. थरांस नांवें द्यावीं. हें सांगणें क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या पानावर 'रेक्टँगल ४७' आणि 'रेक्टँगल ४८' अशींच नांवें आहेत तें पान आठ दिवसांनीं काढणाऱ्यालाच उमजत नाहीं, मग सोबत काम करणाऱ्याची काय कथा!

जी वस्तु वारंवार लागते, उदाहरणार्थ हिरवें बटण, ती एकदांच नीट काढून तिचा कॉम्पोनंट करावयाचा. मग तीस पानांवर त्याच्या तीस प्रती ठेवल्या तरी चिंता नाहीं. बटण लहान वाटलें तर मूळ बटण मोठें करावें, तिसांच्या तीस प्रती मोठ्या होतात. सदरलँड यांची १९६३ सालची सोय ती हीच. सर्व चौकटी तयार झाल्या म्हणजे एका चौकटींतील बटणापासून बाण ओढून तो दुसऱ्या चौकटीस जोडावयाचा: हें दाबलें तर तें दिसावें. असे बाण जोडून झाले कीं नमुना चालूं लागतो. एवढ्या विद्येवर हुशार मुलगा एका दिवसांत दहा पडदे काढील. पहिल्या दिवशीं रंगांस हात लावूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. राखी रेघांनीं काढलेला कच्चा पडदा पाहून लोक मोकळेपणीं दोष दाखवितात. तोच रंगवून, सजवून पुढें ठेवला तर "छान आहे" एवढेंच म्हणून उठून जातात.

येथें आपल्या भाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि त्यावर थोडा वेळ थांबणें अवश्य आहे. हीं साधनें इंग्रजी अक्षरांच्या देशांत जन्मलीं. तेथील कारागीर जागा भरण्यासाठीं लॅटिनसारखा दिसणारा निरर्थक मजकूर टाकतात, आणि आपलींहि मुलें तोच टाकून पडदा काढतात. मग शेवटीं मराठी शब्द घातले कीं सगळें बिघडतें. इंग्रजी अक्षर सरळ ओळींत उभें असतें. देवनागरी अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार आणि पायाशीं उकार व जोडाक्षराचा खालचा अर्धा भाग. 'नोंदणीं' आणि 'शुद्ध' हे दोन शब्द एकाखालीं एक लिहून पाहा. दोन ओळींमधील अंतर इंग्रजीच्या हिशेबानें ठेवलें असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. चौकोन तोकडा असेल तर अनुस्वारच कापला जातो. मोठ्या अक्षरांची म्हणजे कॅपिटलांची सोय आपणांस नाहीं. म्हणून महत्त्वाचा शब्द उठून दिसावयास अक्षर जाड करावें किंवा आकारानें वाढवावें लागतें. आणि इंग्रजी कारागीर शोभेसाठीं अक्षरांमधील अंतर वाढवितात तसें मराठींत केलें तर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. दुकानांच्या पाट्यांवर हल्लीं असे तुटलेले शब्द पुष्कळ दिसतात.

या बाबतींत महाराष्ट्रांतील लोकांनीं केलेलें काम आमच्या वाचकांस ठाऊक असावें. संगणकावर वर्षानुवर्षें दिसत आलेलें 'मंगल' हें देवनागरी अक्षर आर्. के. जोशी यांनीं रेखाटलें. ते मुंबईच्या पवई येथील आय्. आय्. टी. मधील आय्. डी. सी. या अभिकल्प-विद्यालयांत अध्यापक होते. हें विद्यालय १९६९ सालीं निघालें. मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षरकारांच्या संस्थेनें 'मुक्ता' हें अक्षर सर्वांस फुकट दिलें आहे. पडद्यावर वाचावयास तें स्वच्छ आहे आणि नवशिक्यानें तेंच घ्यावें. आय्. डी. सी. मध्येंच अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनीं मोबाइलवर मराठी लिहिण्यासाठीं 'स्वरचक्र' नांवाचा कळफलक तयार केला. त्यांत 'क' वर बोट ठेवलें कीं त्याभोंवतीं का, कि, की, कु, कू अशी बाराखडी चक्राकार उमलते, आणि ज्या बाजूस बोट सरकवावें तें अक्षर उमटतें. शाळेंत बाराखडी घोकलेल्या कोणालाहि हें न शिकवितां कळतें. इंग्रजी टंकयंत्राच्या कळा घेऊन त्यांवर मराठी अक्षरें चिकटविणें सोपें होतें; परंतु मराठी मनुष्याच्या डोक्यांत अक्षरें कोणत्या क्रमानें बसलेलीं आहेत तेथून आरंभ केला म्हणून हें साधलें.

आतां आपल्या शेताकडे वळूं. पूर्वीं कोणत्या गटांत कोणतें पीक आहे याची नोंद तलाठी गांव नमुना बारामध्यें करीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्र सरकारनें 'ई-पीक पाहणी' हें ॲप राज्यभर सुरू केलें आणि ही नोंद शेतकऱ्यानें स्वतः आपल्या फोनवरून करावी असें ठरलें. खातेदाराचें नांव निवडावयाचें, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचें साधन व लागवडीची तारीख भरावयाची, आणि शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावयाचें. ही नोंद म्हणजे केवळ उपचार नव्हे. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची नुकसानभरपाई, सरकारी भावानें होणारी भातखरेदी, या सर्वांस तिचा आधार लागतो. म्हणजे एखादें बटण न समजल्यामुळें जो शेतकरी अर्ध्यावर परत फिरला, त्याच्या शेतांत भात उभें असूनहि दप्तरांत तें नाहीं.

आपल्या तालुक्यांत हा पडदा कोणाच्या हातीं येतो याचा विचार करा. जमीन डोंगरउतारावर, लहान लहान खाचरांत वांटलेली. वरकस जमिनींत नाचणी व वरी. एका सातबाऱ्यावर भाऊबंदांचीं नांवें एकाखालीं एक, आणि त्यांतील निम्मीं मंडळी मुंबईस. गांवीं राहिलेल्या वृद्ध खातेदारास त्या लांब यादींतून आपलें नांव शोधावयाचें आहे. एखाद्या दरींत फोनला सिग्नल नाहीं. पाऊस चालू असल्यामुळें कांचेवर थेंब पडतात आणि थेंबालाच बोट समजून फोन भलतें पान उघडतो. मुंबईच्या कचेरींत कोरड्या हातांनीं काढलेल्या नमुन्यांत दोन-तीन छोटीं नांवें घालून पाहिलीं तर यांतील एकहि अडचण दिसणार नाहीं. म्हणून नमुन्यांत खरा मजकूर घालावा असा नियम आहे: वीस नांवांची यादी, लांब आडनांवें, 'गट क्रमांक ११२/३/अ' अशा खऱ्याखुऱ्या संख्या.

१ ऑगस्ट २०२२ रोजीं या ॲपची दुसरी आवृत्ति आली, तेव्हां तिच्यांत कांहीं गोष्टी वाढल्या. भरलेली माहिती ४८ तासांच्या आंत शेतकऱ्यास स्वतः दुरुस्त करतां येऊं लागली. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकें नोंदवितां येऊं लागलीं. मदतीचें बटण आलें. आणि गटाच्या मध्यबिंदूपासून आपण किती दूर उभे आहोंत हें छायाचित्र काढतांना फोन सांगूं लागला. यांतील दुरुस्तीचीच गोष्ट घ्या. चित्राच्या भाषेंत ती काय आहे? एक जादा पडदा, ज्यावर 'आपण भरलेली माहिती' दिसते, आणि एक बटण, ज्यावर 'दुरुस्त करा' लिहिलें आहे. नमुन्याच्या पानावर हें पाव तासाचें काम. चालू झालेल्या ॲपमध्यें मात्र त्यासाठीं मागचा सर्व हिशेब बदलून ती नवी आवृत्ति राज्यांतील गांवोगांवच्या फोनांत पोंचवावी लागते. चूक करण्याचा हक्क माणसास आहे असें धरूनच पहिला नमुना काढावा. विशेषतः ज्या कामावर कोणाचें वर्षाचें पीक अवलंबून आहे त्या कामाचा.

याहूनहि जवळचें एक उदाहरण आम्ही मुद्दाम अभ्यासासाठीं घेतों. सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते व पुढें बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. वर महाबळेश्वरास मुसळधार लागली, महाडाजवळ काळ व गांधारी याहि नद्या भरल्या, आणि त्याच वेळीं खाडीला भरती असली, म्हणजे पाण्यास जावयास वाट राहत नाहीं. जुलै २०२१ मध्यें काय झालें तें मोठ्यांस सांगावयास नको: महाड शहरांत पाणी शिरलें, आणि त्याच पावसांत तळिये, केवनाळे व साखर सुतारवाडी येथें दरडी कोसळून माणसें गाडलीं गेलीं. वीज गेली, फोन बंद पडले. महाड येथें सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर व धोका पातळी ६.५ मीटर धरलेली आहे. समजा, नदीची पातळी सांगणारें एक ॲप काढावयाचें आहे. त्याचा पहिला पडदा कसा असावा?

नवशिका विद्यार्थी बहुधा असा पडदा काढतो: वर नदीचें सुंदर चित्र, मध्यें 'आपलें स्वागत आहे', खालीं नांव, मोबाइल क्रमांक व संकेतांक मागणारे तीन चौकोन. शहरांतील ॲप असेंच दिसतें, म्हणून तो तसेंच काढतो. परंतु पाणी दाराशीं आलें असतां रात्रीं दोन वाजतां नांवनोंदणी मागणारा हा द्वारपाल कोणास हवा आहे? तो पडदा काढून टाकावा. मग विद्यार्थी मोठ्या अक्षरांत '६.२ मीटर' असा आंकडा लिहितो. हें बरें, तरी वाचणारा विचारील, "मग आम्हीं काय करावें?" ६.२ हा आंकडा पाटबंधाऱ्याच्या माणसास बोलतो, बाजारपेठेंतील दुकानदारास बोलत नाहीं. म्हणून तिसऱ्या खेपेस आंकड्याच्या वर शब्द यावे: 'इशारा पातळीच्या वर. पाणी वाढत आहे.' आणि खालीं: 'माप रात्रीं २ वाजतां घेतलें.' आपल्या आळींतील लोक पाण्याची उंची कोणत्या पायरीवरून, कोणत्या खांबावरून ओळखतात, हें विचारून तशी खूण घालतां आली तर फारच उत्तम.

चौथा पडदा बहुतेकांस सुचतच नाहीं, आणि आमच्या मतें सर्वांत मोलाचा तोच आहे. सिग्नल गेल्यावर काय दिसावें? कांहींच न दिसतां चक्र फिरत राहिलें तर माणूस तें पाहत बसतो. तोच जुना आंकडा निर्विकारपणें दिसत राहिला तर त्याहून वाईट. कारण तीन तासांपूर्वींचें पाणी आतांचें समजून कोणी घरांत थांबेल. तेथें स्पष्ट लिहावें: 'हें माप तीन तासांपूर्वींचें आहे. नवें माप मिळालेलें नाहीं.' चांगले कारागीर प्रत्येक पडद्याचीं अशीं तीन-चार रूपें काढतात: माहिती आहे तेव्हांचें, माहिती येत आहे तेव्हांचें, माहिती नाहीं तेव्हांचें, आणि कांहीं चुकलें तेव्हांचें. सुखाच्या दिवसाचें एकच रूप काढणें हा अर्धा धडा झाला.

रंगाविषयीं दोन शब्द. धोक्याला लाल व सुरक्षिततेला हिरवा हें ठीक. परंतु या दोन रंगांतील भेद न दिसणारीं माणसें असतात, त्यांत पुरुष अधिक. म्हणून रंगाबरोबर शब्द हवाच. अक्षर व मागची जमीन यांच्या उजेडांत निदान ४.५ ला १ इतका फरक असावा असें वेबच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सांगितलें आहे. फिक्या राखी जमिनीवर थोडीं गडद राखी अक्षरें काढण्याची फॅशन या कसोटीस उतरत नाहीं. बटण बोटापेक्षां लहान नसावें. अँड्रॉइडच्या नियमाप्रमाणें त्याची बाजू सुमारें ९ मिलिमीटर असावी. भाताच्या लावणीनें सुजलेल्या बोटांसाठीं आम्ही त्याहून मोठी ठेवूं.

नमुना झाला म्हणजे तो माणसांपुढें ठेवावयाचा. जेकब नील्सेन या तज्ज्ञांनीं २००० सालीं असें मत मांडलें कीं पांच माणसांकडून तपासून घेतलें तरी बहुतेक ठळक दोष बाहेर पडतात. मग ते दुरुस्त करून आणखी पांच जणांस दाखवावें. पांच माणसें मिळणें कठीण नाहीं. कठीण आहे तें त्यांच्यापुढें गप्प बसणें. "काका, कळलें ना?" असें विचारलें तर आपल्याकडे भिडेस्तव कोणीहि "हो बाळ, कळलें" असेंच म्हणणार, आणि विचारणारा जर शिक्षक असेल तर बघावयासच नको. त्याऐवजीं काम सांगावें: "काका, रात्रीं दुकानांतला माल वर चढवावा कीं नाहीं, हें यावरून पाहून सांगा बरें." मग हात मागें बांधून उभें राहावें. काकांचें बोट कोठें जातें, कोठें अडतें, कोणता शब्द ते दोनदां वाचतात, हें वहींत टिपावें. चुकीचें बटण दाबलें तरी "तें नव्हे, हें" असें म्हणूं नये. चुकलें तें बटण, काका नव्हेत.

संगणक नसला तरीहि हें करतां येतें. प्रत्येक पडदा एकेका कागदावर काढावा. एका मुलानें संगणक व्हावें, आणि समोरच्यानें कागदावरील बटणावर बोट ठेवलें कीं त्यानें मुकाट्यानें पुढचा कागद सरकवावा. आय्. बी. एम्. या कंपनींत १९८० नंतरच्या वर्षांत, बोललेलें ऐकून लिहिणारें यंत्र लोकांस कसें वाटेल हें पाहण्यासाठीं, शेजारच्या खोलींत एक टंकलेखक लपवून बसविला होता. बोलणाऱ्यास वाटे कीं यंत्रच लिहीत आहे. यंत्र अस्तित्वांत नव्हतें, परंतु त्याविषयींचें ज्ञान मिळालें. आमच्या विद्यार्थ्यांत असा मुकाट बसणारा 'संगणक' निवडणें हें मात्र अवघड काम ठरावें!

एक सावधगिरी अवश्य पाळली पाहिजे. नमुना खऱ्यासारखा दिसतो, हाच त्याचा गुण व हाच धोका. 'सावित्री धोका पातळीच्या वर' असा सरावाचा पडदा कोणीं व्हॉट्सॲपवर पाठविला आणि तो जुलै महिन्यांत गांवभर फिरला, तर लोकांची किती धांवपळ होईल! म्हणून अशा प्रत्येक पडद्यावर आडवें, ठळक अक्षरांत 'नमुना' असें लिहावें आणि तो वर्गाबाहेर जाऊं देऊं नये. खरी सूचना जिल्हा प्रशासनाची व हवामानखात्याचीच.

पालकांकडून नेहमीं येणारा प्रश्न हा, कीं यांत पुढें पोटापाण्याचें कांहीं आहे काय? आहे. पडद्यांची आंखणी करणें हा आज स्वतंत्र धंदा आहे, आणि त्याला केवळ चित्रकला पुरत नाहीं. भाषा, हिशेब व माणसांची पारख हींहि लागतात. पवईच्या आय्. डी. सी. मध्यें बारावीनंतर प्रवेश घेण्यासाठीं 'यूसीड' नांवाची परीक्षा असते. ती शास्त्र, वाणिज्य व कला या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांस देतां येते. परीक्षा कठीण आहे, जागा थोड्या आहेत. परंतु फिग्मा शिकण्यास कोणतीहि परीक्षा लागत नाहीं. विद्यार्थ्यांस तें विनामूल्य मिळतें, आणि पेनपॉट तर सर्वांसच. संगणकाची पाळी येईपर्यंत चौकोनी रेघांची वही, पेन्सिल व खोडरबर घेऊन पहिले कांहीं आठवडे काढले तरी चालतें. फक्त चौकटीचें माप आपल्या घरांतील जुन्यांत जुन्या फोनवर पट्टी ठेवून घ्यावें.